हजार विड्या आणि चेकर

आज सोलापूरला कुंभारीच्या विडी घरकुलात जाणं झालं, मैत्रिणीच्या सासूबाई विड्या वळतात. मी त्यांच्याशेजारी बसून बघत होते, भिजवलेलं तेंदूचं पान पत्र्याच्या मापावर ठेवून कात्रीने कापायचं, चिमूटभर तंबाखू, गुंडाळायचं, तोंड दुमडायचं, दोरा, झाली विडी, आणि हे सगळं माझ्याशी अर्धं तेलुगू अर्धं मराठी बोलत, हाताकडे न बघता. मजुरी दर हजार विड्यांवर. आणि ते हजार भरवायला कधी कधी सूनही मदतीला बसते, तिचं नाव कुठल्याच कामगार-कार्डावर नाही.

पण खरी गंमत (गंमत कसली!) पुढे आहे. कारखान्यात माल जमा करायला गेलं की चेकर, म्हणजे विड्या तपासणारा, बसलेला असतो, त्याने बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे नाहीत, वर त्यांनी दिलेली पानं कमी पडली तर ती बाजारातून स्वतःच्या पैशाने आणायची. कायदा होता हो, १९६६ चा, घरखेपी (घरी बसून काम करणारे) कामगारसुद्धा त्यात यायचे, २०२५ पासून त्याच्या जागी नवी कामगार संहिता आली. पण चेकरशी भांडलं तर उद्या पान कोण देणार?

१९७६ च्या कायद्याने विडीवर सेस होता, म्हणजे कामगारांच्या कल्याणासाठीचा जादा कर, त्यातून दवाखाने, मुलांना स्कॉलरशिप. २०१७ ला जीएसटी आला आणि सेसच गेला. विडी वाईट, बंद व्हायला पाहिजे हे मलाही पटतं ओ, पण मग या बायकांनी काय करायचं हे विचारलं की सगळे गप्प. मैत्रिणीच्या सासूबाई म्हणाल्या, गारमेंटमध्ये चाळिशीच्या पुढच्या बाईला कोण घेतंय!