बहिणीच्या विहिरीचं पाणी

सोलापुरात कोळशाची खाण नाही. आमची पाण्याची तऱ्हा वेगळी, नळाला चार-पाच दिवसांनी पाणी आलं की घरातलं दिसेल ते भांडं भरून ठेवायचं. पण धाकटी बहीण यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीजवळच्या एका गावात दिली आणि खाणीच्या पाण्याशी माझा संबंध आला. दिवाळीला माहेरी आली तेव्हा म्हणाली, "दादा, आमच्या विहिरीच्या पाण्यात डाळच शिजत नाही बघ. साबणाला फेस येत नाही." घरामागे ओबीचे, म्हणजे कोळशावरून काढून टाकलेल्या माती-दगडाचे ढिगारे, त्यापलीकडे उघडी खाण. मी कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये नोकरीला. म्हटलं, पाठव, तपासतो.

तिनं कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ट्रॅव्हल्सनं पाठवलं. हातात पडेपर्यंत दोन दिवस गेले होते. बाटली उजेडात धरली तर आतून तांबूस कडं धरलेलं आणि मधलं पाणी नितळ. पाण्यातलं लोह हवा लागून बाहेर पडलं होतं आणि प्लॅस्टिकला चिकटलं होतं. ते नितळ पाणी तपासलं असतं तर लोह कमीच दिसलं असतं, आणि तो तपासणीचा कागद मी खरा धरला असता. चूक माझीच, तिला काहीच सांगितलं नव्हतं.

मे महिन्यात स्वतः गेलो. धुतलेल्या बाटल्या, थर्माकोलचा डबा, लॅबचा पीएच मीटर आणि थोडं नायट्रिक आम्ल बरोबर घेतलं. आधी मोटार पंधरा मिनिटं चालू ठेवली, पाइपातलं साचलेलं पाणी नमुन्यात नको म्हणून. पीएच आणि तापमान तिथंच मोजलं, कारण प्रवासात दोन्ही बदलतात. त्याच पाण्यानं बाटल्या तीनदा विसळल्या. धातूंसाठीच्या बाटलीत पीएच २ च्या खाली येईपर्यंत थेंब थेंब आम्ल घातलं, म्हणजे लोह-मँगनीज विरघळलेलंच राहतं. बाकीच्या बाटल्या बर्फात. जंतूंची तपासणी मात्र सोलापूरला आणण्यात अर्थ नव्हता, तो नमुना चोवीस तासांत प्रयोगशाळेत जावा लागतो. तो तिथंच जवळ दिला.

पीएच सातच्या थोडा वर, म्हणजे पाणी आम्लधर्मी नाही. भाऊजींचा जीव भांड्यात पडला. "मी म्हणत होतो ना, पाणी तं साफच दिसते जी."

पण घोटाळा तिथंच आहे. कोळशासोबत येणाऱ्या गंधकयुक्त खनिजाला हवा-पाणी लागलं की आम्ल तयार होतं. वणीच्या भागात चुनखडी आहे. ती आम्ल मारते, पीएच सरळ दिसतो. मागे उरतात सल्फेट, म्हणजे गंधकाचे क्षार, आणि कठीणपणा, ज्यानं डाळ शिजत नाही नि साबणाला फेस येत नाही. म्हणून नुसत्या पीएचवर विसंबायचं नाही. आमच्या नमुन्यात सल्फेट २०० मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या पुढे होतं, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या मानकातली पसंतीची मर्यादा ओलांडून, ४०० च्या आत. कठीणपणा ६०० च्याही वर. गावातल्या तपासणी किटमध्ये सल्फेटची बाटलीच नव्हती. खाणीतून बाहेर सोडल्या जाणाऱ्या पाण्यासाठी केंद्राची २००० सालची मानकं आहेत. त्यात पीएच, तरंगते घटक, तेल-ग्रीस आणि नायट्रेट या चार गोष्टी नेहमीच्या; सल्फेट त्या चारांत नाही.

तरीही मी बहिणीला "खाणीमुळेच" असं म्हटलं नाही. नुसत्या चुनखडीनंही पाणी कठीण होतं. म्हणून तुलनेसाठी खाणीच्या वरच्या अंगाची, भाऊजींच्या चुलत्यांची विहीरही धरली. दोन्ही विहिरींचं पाणी एकाच दिवशी, एकाच पद्धतीनं घ्यायचं, वर्षातून चार वेळा: जानेवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर. भूजल यंत्रणाही निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते, तेव्हा पुढं कधी ताडून बघता येईल. खाणीला पर्यावरण मंजुरीच्या अटींचा सहामाही अहवाल द्यावा लागतो, १ जून आणि १ डिसेंबरला. तो मागण्याचा अर्ज भाऊजींनी ग्रामपंचायतीमार्फत केला आहे.

पातळी बहीणच मोजते. दोरीला हातहातावर गाठी, टोकाला दगड, काठावर चुन्याची खूण. नोव्हेंबरला रात्री फोन आला, "दादा, लिही. आपली एकोणीस गाठी, काकांची चौदा." वहीत लिहून घेतलं. जानेवारीच्या बाटल्या धुऊन, चिठ्ठ्या लावून ठेवल्या आहेत.