स्वॅप कुठे ठेवायचा?

"स्वॅपमध्ये जपण्यासारखे असते तरी काय?" नव्या लिनक्स सर्व्हरच्या पार्टिशनची (डिस्कच्या विभागांची) आखणी करताना सहकाऱ्याने आज सहज विचारले आणि तो प्रश्न दिवसभर डोक्यातून गेला नाही. स्वॅप म्हणजे रॅम अपुरी पडली की मेमरीतला डेटा तात्पुरता ठेवायची डिस्कवरची जागा.

त्यांच्या आराखड्यात रूट (मूळ प्रणाली) आणि होम (वापरकर्त्यांच्या फायली) दोन डिस्कवर रेड-१ मध्ये, म्हणजे दोन्हींवर एकसारखी प्रत राहील असे होते, स्वॅप मात्र एकाच डिस्कवर. ती डिस्क गेली तर फायली शाबूत राहतील. पण ज्या प्रोसेसची (चालू प्रोग्रॅमची) मेमरी स्वॅपमध्ये गेलेली असेल, ती चालता चालता कोसळू शकते, मग तो डेटाबेस का असेना. म्हणून स्वॅपही रेडवरच हवा, असा आग्रह मी धरला.

सर्व्हर सुरू होण्यासाठी लागणाऱ्या फायली ज्यात असतात त्या ईएफआय पार्टिशनचेही तसेच: फर्मवेअरला (मदरबोर्डवरच्या, सर्व्हर सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमला) लिनक्सचे सॉफ्टवेअर रेड कळत नाही, त्यामुळे दुसऱ्या डिस्कवर त्याची प्रत लागतेच.

पहिली डिस्क काढून सर्व्हर सुरू होतो का, हे आपल्यापैकी कितीजण प्रत्यक्ष तपासतात?