छत्रीची मूठ

घर दाखवायला नेलं की आधी खिडक्या उघडायच्या, मग पंखा लावायचा आणि गिऱ्हाईक बाल्कनीत गेलं की आपण गप्प बसायचं, एवढंच मी वीस वर्षांत शिकलो. बेळगावात हिंडलगा रोडला माझं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे चार खुर्च्या आणि एक झेरॉक्स मशीन. निम्मा वेळ उतारे वाचून दाखवण्यात जातो. घेणारा मराठी, देणारा मराठी, उतारा कानडीत. या कामाचे पैसे कोणी देत नाही, पण पुढची पार्टी त्यातूनच मिळते.

सुभेदारसाहेब असेच आले, मे महिना संपता संपता. मराठा लाईट इन्फंट्रीत 28 वर्षं काढून रिटायर झालेले. थर्टी-फॉर्टीचा, म्हणजे तीस बाय चाळीस फुटांचा एन.ए. (बिगरशेती) प्लॉट घेऊन ठेवलेला, तो विकायचा होता. कागद एकदम स्वच्छ. आमच्याकडे नोंदणी न करता नुसत्या बॉंड पेपरवर गुंठे विकत घेऊन बसलेली इतकी माणसं येतात की असा उतारा बघितला तरी बरं वाटतं.

"विकून काय करणार?" मी विचारलं.

"तेच ठरत नाही की ओ. मुलगा जोधपूरला आहे, सोलरच्या कंपनीत. तो म्हणतोय तिकडं या. हिचं माहेर वेंगुर्ल्याकडं. ही म्हणते, सगळा जन्म वाळवंटात आणि बर्फात घालवला, आता तरी समुद्र बघूया."

वहिनी काहीच बोलल्या नाहीत. नवी छत्री मांडीवर आडवी धरून बसल्या होत्या.

साहेबांनी वही काढली. फौजी माणसाची वही, रेघा मारलेली. जोधपूरच्या बाहेरच्या अंगाला तीन खोल्यांचं दगडी घर, मुलाने बघून ठेवलेलं. समुद्राकाठी माझ्याच ओळखीच्या एजंटाने सांगितलेलं दोन खोल्या आणि हॉलचं स्लॅबचं घर. जोधपूरचं घेतलं तर हातात 15 लाख उरत होते, समुद्राकाठचं घेतलं तर काहीच उरत नव्हतं. मला वाटलं, संपला विषय. पण साहेबांनी पान उलटलं. पुढच्या पानावर दर वर्षाचा खर्च होता, घर घेतल्यानंतरचा.

"तिकडं घर स्वस्त, पण ऊन फुकट नाही," ते म्हणाले. 2016 साली 19 मे रोजी जोधपूरकडच्या फलोदीत पारा 51 वर गेला होता. साहेब तेव्हा त्याच बाजूला होते. एप्रिल ते जुलै कूलर की एसी, त्याचं बिल, पाण्याची टाकी, टँकर, सगळं वहीत आकड्यांनी मांडलेलं. जोधपूरला कालव्याने पाणी येतं, सतलज-बियासचं, पार पंजाबातून. कालवा साफ करायला बंद झाला की गावाला पाण्याची चिंता. तिथला दगड मात्र चांगला, असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते. छतालासुद्धा दगडी पट्ट्या टाकतात. उमेद भवन राजवाडा त्याच दगडाचा. 1929 साली पाया घातला, 1943 साली पुरा झाला, आणि ते काम काढलं होतं दुष्काळात माणसांना मजुरी मिळावी म्हणून. "ऐंशी वर्षं झाली, कुठं रंग द्यावा लागला नाही," साहेब म्हणाले. राजवाड्याला रंग देतात की नाही मला माहीत नाही, पण मी मान डोलावली.

मी सहज म्हणालो, वाळवंटात निदान पावसाची कटकट नाही. त्यावर साहेब हसले नाहीत. 2006 च्या ऑगस्टमधलं बाडमेरजवळचं कवास गाव त्यांनी सांगितलं. दोन-तीन दिवस पाऊस लागला आणि गाव तळ्यात गेलं. जमिनीखाली जिप्समचा थर, पाणी मुरायलाच तयार नाही. पाऊस ओसरल्यावरही आठवडेच्या आठवडे पाणी तसंच उभं. "घराला जोतं नव्हतं. कशाला असेल? पाऊसच नाही त्या गावात. मातीच्या भिंती बसल्या खाली." एवढं बोलून ते थांबले. आपल्याकडे 2019 च्या ऑगस्टमध्ये पडलेली मातीची घरं मी बघितली होती, त्यामुळे पुढचं मला विचारावं लागलं नाही.

ठरलं ते एवढंच, की आधी समुद्राकाठचं घर प्रत्यक्ष बघायचं. जूनच्या पहिल्या रविवारी माझ्याच गाडीतून निघालो. महाराष्ट्राच्या हद्दीवरची शिनोळी ओलांडली की पाट्या मराठी, कागद मराठी. तिथे मला सातबारा कोणी वाचून दाखवायला लागत नाही, आणि तरीही मी तिथला माणूस नाही. आंबोलीत धुकं होतं. वहिनी घाट उतरताना पहिल्यांदा बोलायला लागल्या, आणि मग वेंगुर्ला येईपर्यंत थांबल्याच नाहीत. इतके दिवस ही बाई गप्प का होती, ते मला तेव्हा कळलं. बेळगावात बसून बोलण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतं.

घर गावाच्या टोकाला, माडांच्या मागे. गच्चीवरून समुद्र दिसत होता. घर देणारा आधीच हजर, खिडक्या उघड्या, पंखा चालू. नवा रंग दिलेला, ऑइलपेंटचा वास अजून होता. मी मनातल्या मनात कमिशनचा हिशेब केला. प्लॉट विकल्याचं एक, हे घर घेतल्याचं अर्धं. साहेब कागद बघत होते. भरतीरेषेपासून घर 200 मीटरच्या आतच पडत होतं. म्हणजे किनाऱ्याच्या नियमाने आहे ते दुरुस्त करता येईल, पण जागा वाढवून नवं बांधणं अवघड. ते मीच त्यांना सांगितलं, बरं का. तेवढा प्रामाणिकपणा मी ठेवतो.

वहिनी हॉलच्या मध्यावर उभ्या राहून वर बघत होत्या. मग छत्री उलटी धरली आणि मुठीने स्लॅबला टकटक केलं. दोन पावलं सरकून पुन्हा केलं. खिडकीजवळ आवाज बदलला. घट्ट टक्क होतं, तिथे थप्प आलं.

"भावजी, वर बगा. हय पोकळ वाजता."

मी म्हणालो, प्लास्टर सुटलं असेल.

"प्लास्टर न्हय. सळये फुगले काय शिमीट सोडता. आमच्या मावशीच्या घराचो स्लॅब असोच गेलो." आणि आणखी एक टोला दिला. हाताएवढा पोपडा खाली आला. आत सळी दिसली, तांबडी, पापुद्रे सुटलेली. बोटात धरली तर चुरा झाला.

घर देणारा म्हणाला, पावसाआधी करून देतो, दोन पिशव्या सिमेंटचं काम.

दोन पिशव्यांचं काम नव्हतं. गंजलेलं लोखंड मूळच्या लोखंडापेक्षा जास्त जागा घेतं, म्हणून ते काँक्रीट आतून ढकलतं. समुद्राच्या खाऱ्या हवेत सळीवर 45 मिलिमीटर काँक्रीट पाहिजे, असं आपलं बांधकामाचं मानक सांगतं. इथे बोटाच्या पेरापेक्षा कमी होतं. आणि खाडीची वाळू न धुता वापरली असेल तर मीठ पहिल्या दिवसापासून घरातच राहायला आलेलं. हे सगळं मला ऐकून माहीत होतं. वीस वर्षांत छताला हात मात्र एकदाही लावला नव्हता.

परतताना आंबोलीत चहा घेतला. साहेबांनी वही काढली आणि समुद्राच्या पानावर नवी ओळ लिहिली: स्लॅब. पुढे आकडा लिहिला नाही. वहिनी म्हणाल्या, बापाचं घर चिऱ्याचं आणि कौलांचं, त्यात लोखंड नाही म्हणून ते उभं आहे. दर वर्षी पावसाआधी कौलं परतून घ्यायची, बस्स. पण ते घर भावाचं. हे वाक्य त्यांनी मराठीत म्हटलं, मालवणीत नाही.

रात्री समोरच्या एजंटाचा फोन. "पार्टी पक्की काय?" मी म्हणालो, छत बघून घे आधी. तो म्हणाला, तू कधीपासून इंजिनियर झालास?

पुढे त्यांनी जोधपूरला घर घेतलं नाही, भाड्याने घेतलं, एक वर्षासाठी. प्लॉट विकला नाही. म्हणजे माझ्या दोन्ही कमिशनवर पाणी, आणि पेट्रोलचे पैसे साहेबांनी जबरदस्तीने खिशात कोंबले म्हणून तेवढे तरी सुटले. दिवाळीला मात्र वहिनींना वेंगुर्ल्याला पाठवायचं, हे साहेबांनी वहीत लिहून ठेवलं आहे म्हणे. जुलैत त्यांचा फोन आला. तिकडे घराखाली पाण्याची टाकी आहे आणि घरमालकाने तिच्या झाकणाला तिजोरीचं कुलूप लावलं आहे, याचं त्यांना फार हसू येत होतं. शेवटी म्हणाले, "ही विचारतेय, छत्री तुमच्या गाडीत राहिली काय?"

राहिली आहे, म्हणालो. अजून परत दिली नाही. त्यानंतर अनगोळातलं एक आणि शहापुरातलं एक, अशी दोन घरं मी तिनेच वाजवून बघितली.