तुम्ही विचारलंत म्हणून: विमानात त्रास होत नाही का?

"ताई, एवढं विमानानं फिरता, तुम्हाला काही होत नाही का हो?" हा प्रश्न मला वर्षातून दहा-बारा वेळा तरी येतो. लिफ्टमध्ये, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर गंगापूर रोडवर मेथीची जुडी निवडताना. मी द्राक्ष निर्यातीच्या कामात आहे. माल न्हावाशेव्याहून कंटेनरनं रॉटरडॅमला जातो आणि हंगामात एकदा-दोनदा मी पाठोपाठ जाते, तिथं पेटी उघडल्यावर काय दिसतं ते बघायला. मध्यंतरी आमच्याच बिल्डिंगमधले अण्णा आणि काकू लेकीकडे नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला निघाले. दोघांचाही पहिलाच विमानप्रवास. काकू वही-पेन घेऊनच वर आल्या. त्यांना सांगितलं तेच इथं लिहिते.

तर, होतो. मलाही त्रास होतो. पाय जड होतात, नाक कोरडं पडतं, पोट फुगतं. फरक एवढाच की काय होणार ते आता आधी ठाऊक असतं, आणि त्यातलं बरंचसं मी घराला कुलूप लावायच्या आधीच मिटवून टाकते. एकदा सीटवर बसलं की आपल्या हातात फारसं काही उरत नाही.

नाशिककराचा पहिला त्रास तर आकाशात नसतोच, रस्त्यावर असतो. युरोपकडची बरीचशी विमानं मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटतात, म्हणजे आपण निघणार दुपारी कलताना आणि भिवंडीला पोचणार ऐन गर्दीत. पूर्वी कसारा घाटात एक ट्रेलर आडवा झाला की सगळं संपलं. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यातून घाट कधी उतरलो तेही कळेनासं झालं. त्यामुळे लोक आता बिनधास्त उशिरा निघतात आणि फसतात. समृद्धी आमण्याला संपते. पुढची भिवंडी, पुढचा माजिवडा जिथल्या तिथं आहेत. मी विमानाच्या वेळेआधी आठ तास घर सोडते. घरचे हसतात. हसू देत. विमानतळावर दोन तास कंटाळा येतो, पण माजिवड्याच्या पुलाखाली दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत बसल्यावर जो शीण येतो तो पुढचे नऊ तास सोबत राहतो.

ओझरच्या विमानतळाचा पर्याय काकूंनी विचारलाच. शहरापासून वीसेक किलोमीटर, छोटंसं टर्मिनल, रांग अशी नाहीच. धावपट्टी एचएएलच्या लढाऊ विमानांच्या कारखान्याची, त्यामुळे नशीब असेल तर आपल्याआधी एखादं सुखोई छाती दणाणून सोडत उडतं. दिल्लीपर्यंत साधारण दोन तास आणि तिथून पुढे परदेश. मला हा मार्ग आवडतो, पण दोन अटींवर. एक, ओझर-दिल्ली आणि दिल्लीच्या पुढचं, दोन्ही एकाच तिकिटावर हवं. वेगवेगळी तिकिटं स्वस्त पडतात, पण पहिल्या विमानाला उशीर होऊन दुसरं चुकलं तर दुसऱ्या कंपनीला त्याचं काही देणंघेणं नसतं. आणि दोन, डिसेंबर-जानेवारीत नाही. दिल्लीचं सकाळचं धुकं कुणाचंच ऐकत नाही. अण्णांचं तिकीट मुंबईहूनच निघालं होतं, तो प्रश्न मिटला.

मग सामान. द्राक्षाचा घड पाठवताना आम्ही काय काय करतो! शून्य अंशाच्या आसपास थंड करायचा, पेटीत गंधकाचा पॅड घालायचा, एकावर एक भार येणार नाही असं रचायचं. आणि तोच प्रवास स्वतः करताना माणूस शेवटच्या रात्री बारा वाजता बॅगेवर बसून चेन ओढतो. मीही त्यातलीच होते. एकदा मधल्या थांब्यावर माझी बॅग मागे राहिली. तीन दिवस. थायरॉइडच्या गोळ्या त्यातच, गरम कपडे त्यातच, आणि रॉटरडॅमला फेब्रुवारी. तेव्हापासून गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीसकट हातातल्या बॅगेत, सोबत एक कपड्यांचा जोड आणि स्वेटर. पॉवर बँकही तिथंच, ती खालच्या सामानात चालत नाही. मोठ्या बॅगेचा घरीच एक फोटो काढून ठेवते, कारण काउंटरवर "बॅग कशी होती?" असं विचारलं की आपण फक्त "काळी" एवढंच सांगू शकतो. आणि बॅग आली नाही तर लेखी तक्रार त्या हॉलमधून बाहेर पडायच्या आधी करायची. आंतरराष्ट्रीय प्रवासात बॅग फुटली-तुटली तर सात दिवसांत आणि उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून एकवीस दिवसांत लेखी कळवावं लागतं. टॅक्सीत बसल्यावर आठवून उपयोग नाही.

खाऊच्या बाबतीत काकूंचा हिरमोड झाला. लेकीसाठी घरचं लोणकढं तूप आणि पेढे काढून ठेवले होते. युरोपात बाहेरच्या देशातून दूध आणि मांसाचे पदार्थ असे बॅगेतून नेता येत नाहीत. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तर मुंबईतच काढून घेतात, कारण खोबऱ्यात तेल असतं, ते आपोआप तापून पेटू शकतं म्हणून ते धोकादायक मालात धरतात. "मग चिवड्यातल्या कापांचं काय?" काकूंचा लगेच प्रश्न. चिवड्याचं बंद पाकीट माझं आजवर कुणी अडवलेलं नाही. गंमत सांगू? डिसेंबर २०१९ पासून युरोपात ताजं फळ न्यायचं तर रोगमुक्त असल्याचा सरकारी दाखला लागतो. सूट फक्त अननस, केळी, नारळ, खजूर आणि ड्युरियनला. म्हणजे माझे कंटेनरच्या कंटेनर द्राक्षं रीतसर दाखल्यावर तिथं पोचतात, पण माझ्या पर्समध्ये डब्यातला एक घड नेता येत नाही.

आता कान. यावर मी जरा जास्त बोलते, कारण मी भोगलंय. सर्दी होती, दिल्लीहून मुंबईला येत होते, म्हटलं दोन तासांचं तर आहे. उतरताना उजव्या कानात सुई घातल्यासारखी कळ आली ती विमान थांबलं तरी गेली नाही. पाच दिवस त्या कानानं पाण्याखालून ऐकल्यासारखं ऐकलं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी आत बघून पडदा लालभडक असल्याचं सांगितलं आणि वर ऐकवलं, "सर्दीत उडायचं नसतं."

होतं काय, की मधल्या कानातून घशात एक बारीक नळी उतरते. विमान वर जाताना कानातली हवा त्या नळीतून सहज बाहेर पडते. उतरताना मात्र बाहेरचा दाब वाढत जातो, नळीचं तोंड मिटतं आणि हवा आपणहून आत शिरत नाही. गिळलं, जांभई दिली, चघळलं की ते तोंड क्षणभर उघडतं. म्हणून खरी काळजी उतरताना. विमान जमिनीला टेकायच्या अर्धा तास आधीच खाली यायला लागतं. तेव्हा झोपलेलं राहायचं नाही. मी बडीशेप ठेवते, काकूंना आवळा सुपारी दिली. तेवढ्यानं भागलं नाही तर नाक चिमटीत धरायचं, तोंड मिटायचं आणि नाक शिंकरतो तसा, पण अगदी हलकेच, जोर द्यायचा. टक् असा आवाज येतो, सुटतो कान. धसमुसळेपणा नको. तान्ह्या बाळाला नेमकं त्याच वेळी पाजायला घ्यावं. आणि सर्दी असेलच तर डॉक्टरांना विचारून नाकात मारायचा स्प्रे घ्या किंवा तारीख पुढे ढकला. मी दुसऱ्यांदा ढकलली, पैसे गेले, वाईट वाटलं नाही.

पोटाचंही हेच गणित, उलट दिशेनं. विमानात हवा भरलेली असली तरी केबिनमधला दाब जमिनीवरच्यासारखा नसतो. सहा ते आठ हजार फुटांवर असेल तितकाच ठेवतात. कळसूबाई ५,४०० फूट. म्हणजे महाराष्ट्राच्या सगळ्यात उंच टोकावरूनही आणखी वर जाऊन तुम्ही बसलेले असता. तिथं बंद जागेतली हवा पाव ते एक तृतीयांश फुगते. चिवड्याचं पाकीट बाहेर काढून बघा, टम्म झालेलं असतं. आतडी काय वेगळी असणार? एका रविवारी सकाळी मी मटकीची झणझणीत मिसळ, वर दोन जादा पाव, अशी तयारी करून निघाले होते. पुढचं सांगत नाही. शेजारी एक सज्जन डच गृहस्थ होते. तेव्हापासून निघायच्या दिवशी मिसळ, राजमा, कोबी, सोडा, सगळं बंद; मऊ भात, दही, फार तर थालीपीठ.

विमानात दिलेलं जेवण बेचव लागतं ते केवळ स्वयंपाक्याचं पाप नव्हे. कमी दाब आणि कोरडी हवा यांनी खारट-गोड कमी जाणवतं. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेनं लुफ्तान्सासाठी याचा अभ्यासही केला होता. टोमॅटोची चव मात्र टिकते, म्हणून एरवी टोमॅटो ज्यूसला नाक मुरडणारी माणसं विमानात तोच मागतात. मी शेंगदाण्याची लसूण घातलेली कोरडी चटणी छोट्या डबीत नेते. त्या फिक्या पुलावात दोन चिमटी टाकली की जीव परत येतो.

हवेत ओलावा वीस टक्क्यांच्याही खाली असतो, आपल्या एप्रिलच्या दुपारीपेक्षा कोरडा. रिकामी बाटली तपासणीतून न्यायची, आत गेल्यावर भरायची, घोट घोट पीत राहायची. नाकपुडीला तुपाचं बोट लावायचं. सारखं उठावं लागतं म्हणून बायका पाणी पीत नाहीत. मी म्हणते उठावंच. म्हणून लांबच्या प्रवासाला मी कायम कडेची सीट घेते, पंखाच्या जवळपास, तिथं हेलकावे कमी लागतात. चार तासांपेक्षा जास्त एका जागी बसलं की पोटरीत रक्ताची गाठ धरायची शक्यता वाढते. शिवणयंत्राच्या पायट्यावर असतो तसा पाय हलवत राहायचा, टाच वर, चवडा वर. शिरा फुगलेल्या असतील, नुकतं ऑपरेशन झालं असेल तर घट्ट मोज्यांबद्दल डॉक्टरांना विचारून घ्यावं.

खिडकी मी फक्त ओझरला घेते. पूर्वेकडे उड्डाण झालं तर उजव्या हाताला गोदावरीचं पात्र, मग नांदूरमध्यमेश्वरचं पाणी, जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीतली महाराष्ट्रातली पहिली जागा म्हणून २०२० मध्ये जाहीर झालेलं. निफाडच्या द्राक्षबागा फणीनं विंचरल्यासारख्या, आणि मधूनमधून शेततळी. पंचवीस वर्षं ज्या बांधांवरून चप्पल हातात घेऊन फिरले ते सगळे दीड मिनिटात संपतात. एकदा एका शेतकऱ्याची बाग मला वरून ओळखू आली, निळ्या शेडवरून. उतरल्यावर त्याला फोन केला तर म्हणाला, "ताई, फवारणी दिसली का?"

राहता राहिले अण्णा. गुडघे दुखतात, पण व्हीलचेअर म्हटल्याबरोबर भडकले. "मी काय पेशंट आहे?" मी म्हटलं, अण्णा, अॅमस्टरडॅमच्या विमानतळावर चालायला लागलात की सीबीएस ते अशोकस्तंभ पायी गेल्यासारखं होतं, तेही हातात बॅग आणि पुढे पासपोर्टची रांग. काकूंनी त्यांना न विचारता कंपनीला फोन करून सांगून टाकलं. हे आधीच कळवायचं असतं, दारात जाऊन मागितलं की ताटकळावं लागतं. वेळेचा फरक उन्हाळ्यात साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार. जाताना पहिल्या दिवशी दुपारी आडवं व्हायचं नाही, उजेडात भटकायचं, रात्री नऊला झोपायचं. येताना जास्त जड जातं, पण येताना घर असतं.

निघाल्या दिवशी अण्णा पावणेपाचलाच गाडीत बसून हॉर्न वाजवत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंच्या मोबाइलवरून दोन फोटो आले. एकात अण्णा व्हीलचेअरवर, ढकलणाऱ्या पोराशी हसत गप्पा मारताना. कुठल्या भाषेत ते देव जाणे. दुसऱ्यात विमानातल्या ट्रेवर आपल्या नाशिकच्या चिवड्याचं पाकीट, उशीसारखं टम्म. खाली काकूंनी लिहिलं होतं, "फुगलं गं!"