पाचवी पोरगी

लेकीनं कम्युनिटी कॉलेजात ॲडमिशन घेतली तेव्हा ओळखीतल्या दोघातिघांनी आवाज खाली आणून विचारलं होतं, का गं, युनिव्हर्सिटीत नाही का मिळालं? मी तेव्हा फीचं कारण सांगून वेळ मारून नेली. आता वाटतं तेव्हाच ठणकावून सांगायला हवं होतं, पण तेव्हा मलाच कुठे काय माहिती होतं.

कॅलिफोर्नियात अशी 116 कम्युनिटी कॉलेजं आहेत. दोन वर्षं शिकायचं आणि मग पुढे युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर घ्यायची, नाहीतर कामाला लागायचं. लेक तिथल्या क्रॉस कंट्रीच्या, म्हणजे लांब पळण्याच्या टीममध्ये होती. खेळायलाही दोनच सीझन मिळतात, आणि खेळासाठी म्हणून स्कॉलरशिप इथे द्यायचीच नाही असा नियमच आहे. खेळायचं तर 12 युनिट्सचा, म्हणजे पूर्णवेळ विद्यार्थ्याइतका अभ्यास चालू पाहिजे. म्हणजे जो पळतो तो निव्वळ पळायचंय म्हणून पळतो. लेकीच्या टीममधली एक मुलगी रात्री गोडाऊनमध्ये शिफ्ट करून सकाळी सहाला थेट प्रॅक्टिसला यायची, गाडीतच शूज बदलायची, आणि त्यानंतर क्लास. मी एकदा थर्मासमधून चहा नेला होता तिच्यासाठी, तर दोन घोट घेतले आणि पळाली, कप माझ्या हातातच.

क्रॉस कंट्री म्हणजे ट्रॅकवर नाही, गवत, माती, खडी, टेकडी जे समोर येईल त्यावरून पळायचं. इथल्या कम्युनिटी कॉलेजांत मुली 5 किलोमीटर पळतात आणि मुलं 4 मैल. मला आधी वाटायचं हा एकट्याचा खेळ, जो पहिला आला तो जिंकला. तर तसं नाहीये. टीमचे सात जण पळतात, त्यातल्या पहिल्या पाच जणांचे नंबर मिळवायचे, जिची बेरीज सगळ्यात कमी ती टीम जिंकली. पाचही जण पहिल्या पाचात आले तर बेरीज 15, त्याच्यापेक्षा भारी स्कोअर नाही. सहावा-सातवा मोजत नाहीत, पण ते दुसऱ्या टीमच्या पाचव्याच्या पुढे आले तर त्याचा नंबर खाली ढकलतात. म्हणून कोच पहिल्या नंबरापेक्षा स्प्रेडबद्दल जास्त बोलतात, म्हणजे आपल्या पहिल्या आणि पाचव्या पोरीत किती सेकंदांचं अंतर. आणि पाच जणी पोचल्याच नाहीत तर टीमचा स्कोअरच नाही, चौघी कितीही जोरात पळाल्या असल्या तरी.

आमच्या टीममध्ये होत्याच मुळी सहा जणी. लेक सहावी.

कॉन्फरन्सच्या, म्हणजे आमच्या गटातल्या कॉलेजांच्या रेसला तिसऱ्या किलोमीटरच्या आसपास उतारावर आमच्या चौथ्या मुलीचा पाय मुरगळला. मी त्याच वळणावर उभी होते, पावलाखालून खडी सरकली आणि ती बसलीच खाली, उठली, दोन पावलं टाकली, परत बसली. मागून लेक येत होती. थांबली नाही, नुसतं तिच्याकडे बघितलं, आणि त्या मुलीनं ओरडून सांगितलं, जा, आता पाचवी तू आहेस. मी तेवढ्यात घड्याळ बघितलं का नाही आठवत नाही पण लेकीचा चेहरा आठवतो, ओठ पांढरे पडलेले आणि नजर समोरच्या हिरव्या जर्सीवर. शेवटच्या दोनशे मीटरमध्ये तिनं तीन जणींना मागे टाकलं आणि फिनिशच्या पुढे दोऱ्या लावून केलेली ती अरुंद वाट असते ना, तिच्यात जाऊन गुडघ्यावर हात ठेवून उभी राहिली. टीम शेवटून दुसरी आली. पण आली, बोर्डावर नाव लागलं. आणि मग त्या पाचही जणी परत उलट्या चालत गेल्या, कारण मुरगळलेल्या पायाची ती मुलगी अजून येत होती, लंगडत, आणि आपली शेवटची मुलगी आत आल्याशिवाय कुणी बूट काढायचे नाहीत असं त्यांच्याकडे आहे.

हे कुणी ठरवलं माहितीये का? कुणालाच माहिती नाही! मला यातच सगळ्यात नवल वाटतं, की जिथे एक पोरगी दोन सीझनच्या वर टिकतच नाही तिथे परंपरा टिकते कशी. कोच टिकतो, ते एक. आणि टेकडी टिकते. आमच्या कॉलेजामागच्या टेकडीवरची टाइम ट्रायल, म्हणजे घड्याळ लावून प्रत्येकीची वेळ घेतात ती, दर वर्षी त्याच रस्त्यावर होते, त्याच झाडाला वळसा, आणि कोचकडे एक जाड रजिस्टर आहे त्यात सगळ्यांची टायमिंग हातानं लिहिलेली, जुन्या पानांची शाई पार तपकिरी झालीये. रस्ता कधी बदलला नाही म्हणून तीस वर्षांपूर्वीच्या मुलीशी आजच्या मुलीची तुलना करता येते.

मोठ्या कम्युनिटी कॉलेजांचंही तेच. लॉस एंजेलिसच्या पूर्वेला वॉलनटला माउंट सॅन अँटोनिओ कॉलेज आहे, सगळे माउंट सॅकच म्हणतात, 1946 ला कॉलेज सुरू झालं आणि 1948 पासून तिथे क्रॉस कंट्रीची इन्व्हिटेशनल, म्हणजे बाहेरच्या टीम्सना बोलावून घेतलेली रेस, चालत आलीये, शाळेतली हजारो पोरं येतात पळायला. तिथल्या चढांना नावं आहेत, स्विचबॅक्स, पूप आउट, रेझरवॉयर, आणि इथे शाळेत पळालेल्या कुणापुढेही ही नावं काढा, चेहरा बघा कसा होतो. सॅन डिएगोजवळच्या ग्रॉसमाँट कॉलेजात बॉब लार्सन कोच होते, त्यांच्याभोवती जमलेल्या पोरांचा जामुल टोड्स नावाचा क्लब 1976 ला क्रॉस कंट्रीचं नॅशनल टायटल जिंकला, नावाजलेल्या क्लबांना मागे टाकून. हेच लार्सन पुढे लॉस एंजेलिसच्या यूसीएलए या मोठ्या युनिव्हर्सिटीत गेले आणि मेब केफ्लेझिगीचे कोच झाले, ज्यानं 2004 च्या ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये सिल्व्हर घेतलं आणि 2014 ला बॉस्टन मॅरेथॉन जिंकली. कम्युनिटी कॉलेज म्हटल्यावर आवाज खाली आणणाऱ्यांना हे सांगावंसं वाटतं मला.

लेकीचे दोन सीझन संपले, ट्रान्सफर झाली. ऑगस्टमध्ये जुन्या-नव्यांची रेस असते, त्याच टेकडीवर, तिथे ती पहिल्यांदाच जुन्यांच्या बाजूला उभी राहिली. शेजारी पन्नाशीच्या एक बाई होत्या, गुडघ्याला पट्टा बांधलेला, त्यांनी नावगाव काही न विचारता पहिला प्रश्न केला, तुझी पहिली ट्रायल कितीची? हिनं सांगितलं. त्या म्हणाल्या, माझी त्याहून चौदा सेकंद जास्त होती, झाडाच्या वळणावर आतून घे, बाहेर अजून खडी आहे. तेवढ्यात कोचनं शिटी वाजवली.