आमची वाटचाल : तारीख आधी ठरते, फूल नंतर

कार्यक्रमाच्या तारखेला बरोबर फुलतील अशा कुंड्या देण्याचा आमचा धंदा, पण तो करायचा असं काही ठरवलेलं नव्हतं. भाचीच्या लग्नात टेबलांवर कुंडीतली जिवंत फुलं ठेवू असं ताईच्या डोक्यात आलं, मग अ‍ॅमरिलिसचे २० कंद आणले, पाकिटावर ६ ते ८ आठवडे लिहिलेलं म्हणून आम्ही मधला आकडा धरून ७ आठवडे आधी लावले आणि निवांत बसलो. खिडकीतल्या ८ कुंड्या लग्नाच्या आठवडाभर आधीच फुलून मोकळ्या झाल्या आणि आतल्या गार खोलीतल्या १२ कुंड्यांत लग्नाच्या दिवशी नुसते दांडे, वर मिटलेली कळी. ताई म्हणाली, "अगं, ह्यांना कॅलेंडर कळत नाही, ऊब कळते." आमचा सगळा धंदा त्या वाक्यावर उभा आहे म्हटलं तरी चालेल.

दोन-तीन वर्षं ओळखीतल्यांचीच कामं केली, ते सोडा. पहिल्या मोठ्या ऑर्डरला मात्र ट्यूलिप होते. ट्यूलिपच्या कंदाला आधी १४-१५ आठवडे साधारण ५ अंशाची थंडी लागते, मग बाहेर काढल्यावर फुलायला अजून तीनेक आठवडे. म्हणजे तारीख चार महिने आधी कळायला हवी, आणि लोक फोन करतात महिनाभर उरला की! तर ही ऑर्डर वेळेत आली होती, कंद फ्रिजमध्ये नीट मोजून ठेवले, आणि खालच्या कप्प्यात मीच सफरचंदं ठेवली. पिकणाऱ्या फळातून इथिलीन वायू सुटतो हे तेव्हा कोणाला माहीत. पानं आली छान हिरवीगार, फूल एकाही कुंडीत नाही. शेवटी एक कंद उभा कापून बघितला, तर आत मधोमध पेनाच्या टोकाएवढी कळी, तपकिरी पडून वाळलेली. अॅडव्हान्स परत केला. तेव्हापासून कंदांचा फ्रिज वेगळा, त्यात पाण्याची बाटलीसुद्धा ठेवू देत नाही.

कलांचो, म्हणजे जाड पानांचं छोटं फुलझाड, त्याचं दुखणं वेगळं, त्याला थंडी नको, अंधार हवा. रोज सलग १४ तास, असे सहा आठवडे, तेव्हा कुठे कळ्या धरतात. आम्ही खोली बंद केली पण रात्री कोणीतरी मोबाईल शोधायला ट्यूबलाइट लावायचं (कोणीतरी म्हणजे मीच). मध्यरात्री असा उजेड पडत राहिला की झाडाला रात्र लहान वाटते, कळ्या लांबल्याच. आता संध्याकाळी ५ ला काळं कापड आणि सकाळी ७ ला काढायचं, मोबाईल हरवला तर हरवला.

ज्यांचा फोन महिन्या-दीड महिन्यावर येतो त्यांना पेपरव्हाइट (पांढऱ्या फुलांचा नार्सिससचा कंद) सांगतो, त्याला थंडीचे आठवडे लागतच नाहीत, ४ ते ६ आठवड्यांत येतं. फक्त दांडे उंच होऊन आडवे पडतात. त्यावर कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी काढलेला उपाय वापरतो, कोंब दोनेक इंच झाले की साध्या पाण्याऐवजी ५ टक्के अल्कोहोल मिसळलेलं पाणी, दांडा आखूड राहतो आणि फूल तेवढंच मोठं येतं. बिअर-वाइन चालत नाही, साखर असते त्यात. ह्यावरून आमच्याकडे जे विनोद होतात ते इथे नको.

आणि एका तारखेवर सगळं कधीच लावत नाही. प्रत्येक ऑर्डरचे तीन घाणे, पाच-पाच दिवसांच्या अंतराने. पुढे गेलेला घाणा कळीला रंग दिसला की गार खोलीत, मागे राहिलेला उबेत. खर्च वाढतो, कुंड्या उरतात, घरात सदा फुलं, पण झोप लागते.

गेल्या महिन्यात हायसिंथची (हेही कंदाचंच फूल) ऑर्डर होती, रंग धरायला लागला आणि त्याच दिवशी फोन, कार्यक्रम आठ दिवस पुढे गेला म्हणून. मी डोक्याला हात लावला. ताईने काही न बोलता पुढचे दोन्ही घाणे उचलून गार खोलीत नेले, आणि सगळ्यात मागचा, जो आम्ही उरलेला धरून चाललो होतो, तो तेवढा बाहेर ठेवला. कार्यक्रमाला तोच गेला.