'ऑफ'नंतरचं गाव : पेटंट-नकाशाची पुढची नोंद

जुन्या अमेरिकन पेटंटांवरच्या पत्त्यांवरून संशोधकांची गावं मी नकाशावर ठिपक्यांनी मांडतोय. त्यात ओहायो राज्याच्या बरोबर मध्यावर ठिपक्यांचा ढीग जमला होता. १८४० ते १८६० ही वीस वर्षं नकाशावर चढवल्यावर तो दिसला आणि मला वाटलं, इथे एखादं विसरलं गेलेलं कारागिरांचं गाव असणार. दोन संध्याकाळी त्याच आनंदात गेल्या. मग मूळ पानांचे स्कॅन एकेक करून उघडले, तर ही माणसं ओहायो राज्यातली नव्हतीच. ती व्हीलिंगची. व्हीलिंग ज्या काउंटीत (राज्यातल्या जिल्ह्यासारख्या भागात) येतं तिचं नाव ओहायो, आणि ती काउंटी तेव्हा व्हर्जिनियात होती; वेस्ट व्हर्जिनिया हे वेगळं राज्य झालं ते १८६३ साली. पत्ते वाचणाऱ्या माझ्या स्क्रिप्टने, म्हणजे छोट्या संगणक-प्रोग्रॅमने, काउंटीचं नाव राज्याचं म्हणून उचललं, तिथे व्हीलिंग मिळालं नाही तेव्हा राज्याच्या मध्यबिंदूवर ठिपका ठेवून दिला.

नव्याने या छंदात आलेल्यांसाठी थोडं मागचं सांगतो. १८३६ नंतरच्या अमेरिकन पेटंटांचं पहिलं वाक्य जवळपास ठरलेलं असतं : 'बी इट नोन दॅट आय, अमुक, ऑफ तमुक गाव, इन द काउंटी ऑफ अमुक अँड स्टेट ऑफ तमुक'. सगळा नकाशा या 'ऑफ'नंतरच्या शब्दांवर उभा राहतो. त्यात हे असे चकवे आहेत : पेनसिल्व्हेनियात इंडियाना काउंटी आहे आणि डेलावेअर काउंटीही, विस्कॉन्सिनमध्ये आयोवा काउंटी, कॅलिफोर्नियात नेवाडा काउंटी. आता क्रम बदललाय. आधी 'स्टेट ऑफ' शोधून राज्य पक्कं करायचं, मग त्या राज्याच्या हद्दीत काउंटी, आणि शेवटी गाव. मध्यबिंदूची सोय मी पूर्ण काढून टाकली. जे जुळलं नाही ते वेगळ्या तक्त्यात जातं आणि हातानेच सोडवायचं. वेळ फार जातो, पण नकाशावर खोटा ठिपका असण्यापेक्षा मला रिकामी जागा चालेल.

काउंटीच्या हद्दीही स्थिर नाहीत. न्यूबेरी लायब्ररीचा ऐतिहासिक हद्दींचा ॲटलास क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्षानुसार गाळून घेतला की हा प्रश्न बराचसा सुटतो. शहरांच्या बाबतीत काउंटी उलट आधाराला येते. ब्रुकलिन १८९८पर्यंत स्वतंत्र शहर होतं, नंतर न्यूयॉर्कमध्ये सामावलं गेलं, पण किंग्ज काउंटी आधीही किंग्जच आणि नंतरही किंग्जच.

१८३६च्या आधीचा काळ हा या कामातला मला सर्वांत जिव्हाळ्याचा भाग आहे. १५ डिसेंबर १८३६ला वॉशिंग्टनच्या पेटंट कार्यालयाला आग लागली आणि तोवरच्या सुमारे दहा हजार पेटंटांचे कागद गेले. संशोधकांच्या घरी असलेल्या प्रतींवरून तीन हजारांहूनही कमी पुन्हा उभे करता आले. कनेक्टिकटमधल्या किलिंगलीच्या मेरी कीस यांचं १८०९चं पेटंट, गवताच्या काड्या रेशमाने विणण्याच्या पद्धतीचं, त्याच आगीत गेलं. तरी त्यांचं गाव माझ्या नकाशावर आहे, कारण छापील याद्या वाचल्या. १८७४ साली निघालेल्या तीन खंडांच्या विषयवार सूचीत १७९०पासूनच्या पेटंटांची नावं, गावं आणि तारखा आहेत. मजकूर जळाला, पत्ता उरला. आपल्याला पत्ताच हवा असतो, म्हणून हा काळ सोडून देऊ नका.

पण पत्ताही तपासूनच घ्यावा लागतो. अमेरिकेचं पहिलं पेटंट ३१ जुलै १७९०चं, पोटॅश (लाकडाच्या राखेतला क्षार) बनवण्याच्या पद्धतीचं, सॅम्युअल हॉपकिन्स यांना मिळालेलं. हे हॉपकिन्स व्हरमाँटच्या पिट्सफर्डचे, असं वर्षानुवर्षं लिहिलं गेलं. गावात तसा फलकही लागला. १९९०च्या दशकात कागदपत्रांचा नीट शोध झाला तेव्हा कळलं, ते याच नावाचे दुसरे गृहस्थ, फिलाडेल्फियाचे. मी हा ठिपका सगळ्यांत आधी हलवला. मालिकेतली पहिलीच नोंद चुकीच्या गावात बसलेली असेल, तर पुढच्या प्रत्येक नोंदीकडे मी जरा थांबूनच बघणार.

आता मोजणी. नुसते आकडे रंगवले तर न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, बॉस्टन एवढंच दिसतं, आणि तो नकाशा म्हणजे लोकवस्तीचा नकाशा. जनगणनेच्या आकड्यांनी भागल्यावर खरी मौज सुरू होते. एकोणिसाव्या शतकात घड्याळं, पितळेचं सामान, कुलपं, बंदुका बनवणारं छोटंसं कनेक्टिकट एकदम वर येतं. त्याच वेळी पश्चिमेच्या विरळ काउंट्याही उगाच गडद होतात, कारण पाचशे माणसांत एक पेटंट आलं तरी दर आभाळाला भिडतो. म्हणून मी दहा-दहा वर्षांचे गठ्ठे करतो आणि फार कमी वस्तीच्या काउंट्या रेघांच्या नक्षीने वेगळ्या दाखवतो. पेटंटांच्या ठिकाणांचा १८३६ ते १९७५चा हिस्टपॅट हा तयार डेटासेट काउंटीच्या पातळीवर उपलब्ध आहे. माझे आकडे मी त्याच्याशी ताडून बघतो. फरक आला की मूळ पान उघडायचं, हा नियम.

या खेपेला एकाच विषयाचा थर पूर्ण केला : काटेरी तार. इलिनॉयच्या गवताळ मैदानात कुंपणाला लाकूड मिळेना, आणि जनावरं पिकात शिरत. १८७३ साली डीकॅल्बच्या काउंटी जत्रेत हेन्री रोज यांनी खिळे ठोकलेली लाकडी पट्टी मांडली. ती बघायला जोसेफ ग्लिडन, जेकब हेश आणि आयझॅक एलवुड तिघेही होते, आणि तिघेही त्याच परिसरातले. ग्लिडन यांचं काटेरी तारेचं पेटंट, क्रमांक १,५७,१२४, २४ नोव्हेंबर १८७४चं. नकाशावर तो छोटासा चौकोन १८७०च्या दशकात पेटून उठतो. एका जत्रेतली भेट काउंटीच्या रंगात दिसते, हे पाहून मी बराच वेळ स्क्रीनसमोर बसून राहिलो.

हक्क कोणाकडे गेले, हे दाखवणाऱ्या रेषा मात्र अपुऱ्या आहेत. पेटंट मंजूर होताना ज्याच्या नावे हक्क केला असेल तोच त्या पानावर छापतात. ग्लिडन यांचा हिस्सा १८७६मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या वूस्टरमधल्या वॉशबर्न अँड मोएन कंपनीने घेतला, पण १८७४च्या पानावर तो कसा असणार? ही रेषा मी तुटक काढली आहे. नंतरचे सगळे व्यवहार तुटक रेषेतच ठेवायचं ठरवलंय.

सध्या मॅसॅच्युसेट्सची एसेक्स काउंटी उघडून बसलोय. लिन हे बूट बनवणाऱ्यांचं गाव याच काउंटीत. यान मॅट्झेलिगर यांचं बुटाचा वरचा भाग साच्यावर ओढून बसवण्याच्या यंत्राचं पेटंट, क्रमांक २,७४,२०७, २० मार्च १८८३, पत्ता लिन. आणि ग्रॅहम बेल यांचं टेलिफोनचं पेटंट, क्रमांक १,७४,४६५, ७ मार्च १८७६, त्यावरचा पत्ता सेलम. सेलमही एसेक्समध्येच. बेल तिथे राहत होते, प्रयोग चालले बॉस्टनमध्ये, म्हणजे शेजारच्या सफोक काउंटीत. त्यामुळे माझ्या नकाशावर टेलिफोन बुटांच्या यंत्रांशेजारी बसलाय आणि दोघं मिळून एकच काउंटी गडद करतात. लिनच्या बाबतीत तो रंग खरा आहे. सेलमच्या बाबतीत तो फक्त राहत्या घराचा आहे. म्हणून या एका काउंटीत खाली उतरून गावनिहाय ठिपके टाकतोय, आणि प्रत्येक ठिपक्याला दोन रकाने जोडलेत : पानावरचा पत्ता, आणि दुसऱ्या कागदावरून कळलेली कामाची जागा. दुसरा रकाना अजून जवळजवळ रिकामा आहे. एसेक्सच्या कारागिरांबद्दल कोणी जुन्या शहर-डिरेक्टऱ्या (रहिवाशांची नावं, धंदे, पत्ते यांच्या छापील याद्या) चाळल्या असतील, तर कुठल्या वर्षांच्या आहेत तेवढं कळवा. मी १८७०पासून सुरुवात करतोय.